कडू कवठाचं तेल, मयणासुंदरी आणि माझी एक जुनी बाकी



आयंबील ओळीचे नऊ दिवस आले की स्वयंपाकघरातली तेलाची बरणी फडताळात मागे जाते. दूध, दही, तूप, तेल, गूळ-साखर आणि तळण या सहाही विगई बंद. आणि गंमत अशी की जे बंद असतं त्याचाच विचार जास्त होतो. यंदाच्या ओळीत मात्र माझ्या डोक्यात जे तेल घोळत होतं ते खायचं नव्हे.

त्याला निमित्त झालं आमच्या इमारतीतल्या एका सूनबाईचं. श्रीपाल-मयणाची कथा ऐकून बाहेर पडताना ती म्हणाली, "काकू, चेहऱ्यासाठी चौलमुगरा ऑइल म्हणून एक बाटली ऑनलाइन दिसतेय. शुद्ध वनस्पतीचं, बियांचं तेल आहे, प्राण्यांचं काही नाही. डाग जातात म्हणे. मागवू का?" नाव ऐकलं आणि मी जागीच थांबले. कारण आत्ताच आत बसून आपण ज्या रोगाची कथा डोळे पुसत ऐकली, त्याच रोगावरचं हे जुनं तेल. हे तिला ठाऊक नव्हतं, आणि बाटलीवर तरी कोण कशाला छापेल! तिला उत्तर द्यायचं म्हणून जे शोधलं, वाचलं, ते आज तुमच्यापुढे मांडते. शेवटी माझं स्वतःचंही एक सांगायचं आहे.

आपल्या कथांमधली त्वचा

श्रीपालची कथा तुम्हाला तोंडपाठ आहे. रत्नशेखरसूरींनी ती प्राकृतात लिहिली. पुढे विक्रम संवत १७३८ मध्ये रांदेरला विनयविजयजींनी तिचा गुजराती रास सुरू केला, तो पुरा होण्याआधी त्यांचा काळ झाला आणि उरलेला यशोविजयजींनी पूर्ण केला. आपल्या दिगंबर भगिनी हीच कथा मैनासुंदरीची म्हणून अष्टाह्निका पर्वात ऐकतात.

आपण ऐकताना लक्ष ठेवतो ते मयणाच्या निष्ठेवर. पण कथेतली एक गोष्ट माझ्या नजरेतून इतकी वर्षं निसटली होती. श्रीपालला कोड कुठून आलं? बाप गेल्यावर काकाने राज्य घेतलं आणि राणी कमलप्रभा लहान मुलाला घेऊन पळाली. मागे घोडेस्वार लागलेले. त्या वेळी तिला कुणी आसरा दिला? कुष्ठरोग्यांच्या टोळीने. सातशे जण होते ते. शिपाई त्यांच्या जवळ जायला धजणार नाहीत, म्हणून त्यांच्यात माय-लेकरू वाचलं. त्यांच्याच सहवासात मुलाला रोग लागला आणि त्याचा उंबर राणा झाला. पुढे मयणाने सिद्धचक्राच्या आराधनेनंतर न्हवणाचं पाणी शिंपडलं ते एकट्या नवऱ्यावर नव्हे. सातशेंच्या सातशेंवर शिंपडलं.

दुसरी कथा हेमचंद्राचार्यांच्या त्रिषष्टिशलाकापुरुषचरित्रातली. ऋषभदेव भगवानांच्या एका पूर्वभवात त्यांचा जीव जीवानंद नावाचा वैद्य होता. पाच मित्रांसोबत असताना त्यांना एक मुनी दिसले, अंगात कृमी पडलेले, कुष्ठाने पोखरलेले. राजपुत्र मित्राने टोमणा मारला की तुम्ही वैद्य पैसे दिसल्याशिवाय रोग्याकडे बघतही नाही. जीवानंद म्हणाला, माझ्याकडे लक्षपाक तेल आहे, पण गोशीर्ष चंदन आणि रत्नकंबल नाही. दोन्हींची किंमत लाख-लाख. मित्र बाजारात गेले. म्हाताऱ्या व्यापाऱ्याने कारण विचारलं आणि ऐकल्यावर एक पैसाही घेतला नाही.

मग त्यांनी मुनींच्या अंगाला तेल चोळलं. तेल आत मुरलं तसे कृमी बाहेर आले आणि वरून पांघरलेल्या गार रत्नकंबलाला चिकटले. ते कंबल झटकायचं कुठे? जमिनीवर टाकले तर जीव मरतील. म्हणून नुकत्याच मेलेल्या गाईच्या कलेवरावर त्यांना सोडलं. त्यानंतर चंदनाचा लेप. असं तीन वेळा. रोग्यालाही वाचवायचं आणि कृमीलाही मारायचं नाही, हा हिशेब आपल्याच घरात सुचू शकतो!

आता जुन्या ग्रंथांत कुष्ठ म्हणजे आजचा कुष्ठरोगच असं नाही. त्वचेचे कितीतरी विकार त्या एका शब्दात येतात. पण तेल आणि ते चोळणारा हात, ही जोडी किती जुनी आहे ते यावरून कळतं.

झाड आपल्याच कोकणातलं

चौलमुगरा हे नाव बंगालकडचं. त्या जातीची झाडं आसाम, ब्रह्मदेश या बाजूला होतात. पण तिची सख्खी बहीण आपल्या सह्याद्रीत आणि कोकणात, ओढ्याकाठच्या सावलीत वाढते. सदाहरित झाड, कवठासारखं कठीण कवचीचं गोल फळ, आत पांढरट गरात गच्च बसलेल्या बिया. म्हणून आपल्याकडे त्याला कडू कवठ म्हणतात. बियांचं तेल पिवळसर, थंडीत तुपासारखं थिजणारं. संस्कृतात हा तुवरक.

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात तुवरकाचं वर्णन आहे, आणि ही झाडं पश्चिम समुद्राच्या किनारी होतात असं तिथे स्पष्ट सांगितलं आहे. म्हणजे आपलाच किनारा! फळं पावसाच्या सुरुवातीला आणायची, बिया वाळवून कुटायच्या, तिळाचं तेल काढतात तसं काढायचं, मग पंधरा दिवस शेणाच्या चुऱ्यात पुरून ठेवायचं. प्यायल्यावर उलट्या आणि जुलाब होणार हेही सुश्रुताने लपवलेलं नाही. औषध कडक होतं आणि वैद्याच्या नजरेखालीच घ्यायचं होतं.

ब्रह्मदेशात याच तेलाची एक दंतकथा आहे. कुष्ठ झालेला राजा रानात जातो, तिथल्या झाडाची फळं खाऊन बरा होतो आणि तशाच दुखण्याने रानात आलेल्या राजकन्येला बरं करतो. श्रीपाल-मयणाची चुलत कथाच वाटते ना?

कलकत्ता, लंडन, हवाई

१८५४ साली कलकत्त्यातले डॉक्टर फ्रेडरिक मोआट यांनी चौलमुगऱ्यावर लेख लिहिला आणि इंग्रज डॉक्टरांचं लक्ष या तेलाकडे गेलं. त्या वेळी कुष्ठरोगाला दुसरं काहीच औषध नव्हतं. रोगाचा जंतू नॉर्वेच्या हॅन्सन यांना दिसला तोच मुळी १८७३ साली. गंमत म्हणजे कित्येक वर्षं डॉक्टर ज्या झाडाला चौलमुगरा समजत होते ते झाडच वेगळं होतं. विसाव्या शतकाच्या तोंडावर ही चूक लक्षात आली. मग लंडनच्या प्रयोगशाळेत फ्रेडरिक पॉवर यांनी १९०४ च्या सुमारास तेलातली खास आम्लं वेगळी काढली. आपल्या कडू कवठाच्या तेलातही तीच सापडली.

पण अडचण होती ती तेल रोग्याच्या अंगात जाणार कसं याची. पोटात घेतलं तर मळमळ इतकी की रोगी नको म्हणायचे. वरून चोळलं तर गुण थोडा. सुईने टोचलं तर जाड तेल रक्तात मिसळत नसे, त्वचेखाली गाठी होऊन राही आणि दुखे.

हा गुंता सोडवला तेवीस वर्षांच्या एका मुलीने. तिचं नाव ॲलिस बॉल. अमेरिकेतल्या सिॲटलची कृष्णवर्णीय मुलगी, हवाईच्या कॉलेजात १९१५ साली रसायनशास्त्रात पदव्युत्तर पदवी मिळवणारी पहिली स्त्री. तिने तेलातल्या आम्लांवर प्रक्रिया करून ती अंगात मिसळतील अशी पातळ केली, आणि इंजेक्शन देणं शक्य झालं. १९१६ च्या ३१ डिसेंबरला, वयाच्या चोविसाव्या वर्षी ती वारली. तिचं काम छापून व्हायचं राहिलं होतं. कॉलेजच्या अध्यक्षांनी ते पुढे नेलं आणि तिचं नाव न घेता आपल्या नावावर छापलं. तिला या कामाकडे आणणाऱ्या डॉ. हॉलमन यांनी १९२२ साली लेख लिहून पद्धत बॉलची आहे असं नोंदवलं, तरीही बरीच वर्षं ती विस्मरणातच राहिली. शेवटी २००० साली त्या विद्यापीठाने आवारातल्या चौलमुगऱ्याच्या झाडाखाली तिच्या नावाची पाटी लावली.

मी कॉमर्सची, रसायनातलं मला फारसं कळत नाही. पण एकाची जमा दुसऱ्याच्या खात्यावर टाकली तर ताळेबंद खोटा होतो, एवढं कळतं.

त्या इंजेक्शनांनी हवाईत काही रोगी इतके सुधारले की त्यांना घरी सोडलं गेलं. कुष्ठरोग्याला घरी सोडणं ही त्या काळी केवढी गोष्ट! एरवी त्यांना मोलोकाई बेटावर नेऊन ठेवत आणि ते तिथेच मरत. पण गुण सगळ्यांना येत नसे, आला तरी टिकेल याची खात्री नसे. तेलाची कथा सांगताना हेही सांगायलाच हवं.

आणि आपला महाराष्ट्र

आपल्याकडे १८९८ साली कायदाच झाला होता, ज्याने निराधार कुष्ठरोग्यांना पकडून आश्रमात कोंडता येई. त्याआधी १८९० मध्ये मुंबईत माटुंगा-वडाळ्याकडे ॲकवर्थ यांच्या नावाचा आश्रम सुरू झाला. हे ॲकवर्थ मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर, आणि शाळिग्रामांसोबत मराठी पोवाडे गोळा करून छापणारे तेच. आपल्या पुण्यातही कोंढव्याला बांदोरवाला कुष्ठरुग्णालय आहे. त्या रस्त्याने शंभरदा गेलो असू, आत डोकावलेल्या किती जणी आहोत?

संस्कृतचे पंडित परचुरे शास्त्री आपल्या येरवड्याच्या तुरुंगात होते, त्याच काळात गांधीजीही तिथे होते. शास्त्रीबुवांना कुष्ठरोग झाला. १९३९ साली ते सेवाग्रामला आले, तेव्हा गांधीजींनी त्यांना आश्रमात ठेवून घेतलं आणि रोज स्वतःच्या हाताने त्यांचं अंग चोळून दिलं. त्याआधीच, १९३६ साली मनोहर दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठधाम सुरू केलं होतं. १९४६ साली अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांचं तपोवन उभं राहिलं. वरोऱ्याचे वकील बाबा आमटे पावसात पडलेल्या तुळशीरामला बघून आधी घाबरून पळाले होते. ते परत फिरले, आणि त्यातून १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती आणि पुढे आनंदवन घडलं. आपल्या आळंदीच्या वाटेवर दुडुळगावला इंदुताई पटवर्धनांनी आनंदग्राम वसवलं.

यातले बहुतेक लोक कामाला लागले तेव्हा हाताशी खात्रीचं औषध नव्हतं. चौलमुगऱ्याची इंजेक्शनं आणि मलमपट्टी एवढंच होतं. म्हणजे रोग बरा होईल याची हमी नसताना त्यांनी रोग्याला जवळ घेतलं. आपल्या मयणानेही तेच केलं होतं, लग्नाच्या रात्री तिला कुठे ठाऊक होतं की श्रीपाल बरा होणार आहे!

गोळी आली, भीती राहिली

१९४१ साली अमेरिकेत कारव्हिलच्या दवाखान्यात सल्फोन औषधांचा गुण दिसला. थोड्याच वर्षांत डॅप्सोनची स्वस्त गोळी आपल्याकडेही आली आणि तेल मागे पडलं. पुढे एकट्या डॅप्सोनला जंतू दाद देईनात, म्हणून १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने दोन-तीन औषधं एकत्र द्यायला सांगितलं. आज सौम्य रोगाला सहा महिने आणि जास्त असेल तर बारा महिने गोळ्या घ्याव्या लागतात. सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. बहुतेक माणसांच्या अंगात या जंतूला रोखायची ताकद मुळातच असते, आणि औषध सुरू झालं की रोगी दुसऱ्याला रोग देण्याचं लवकरच थांबतं. २००५ च्या अखेरीस देशात दहा हजारांत एकापेक्षा कमी रुग्ण असं प्रमाण आलं. तरीही जगातले निम्म्याहून जास्त नवे रुग्ण आजही आपल्याच देशात सापडतात.

आता एक गोष्ट नीट वाचा. विवाहासाठी आपल्या जैनांना हिंदू विवाह कायदाच लागू होतो. त्या १९५५ च्या कायद्यात कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण होतं. बरा करणारी गोळी फुकट मिळू लागून कितीतरी वर्षं झाली तरी ते कलम तसंच होतं. ते काढलं गेलं २०१९ मध्ये. कोंडून ठेवण्याचा १८९८ चा कायदासुद्धा २०१६ साली रद्द झाला.

कायदा नवरा-बायको दोघांनाही सारखा होता, हे खरं. पण घराबाहेर कोण जास्त गेलं असेल, हे तुम्हाला मी सांगायला नको. आपल्या कथेत रोगी नवरा आहे आणि बायको त्याला सोडत नाही. रोगी मयणा असती तर? तिच्यासाठी ओळी कुणी केली असती? ही कथा आपण मुलींना सांगतो तशी मुलांनाही सांगायला हवी, असं मला अलीकडे फार वाटतं.

माझी बाकी

१९९४ साली आमच्याकडे भांड्यांना एक बाई येत. स्वभावाने शांत, कामाला चोख. एकदा गरम पातेलं उचलताना त्यांचा हात भाजला आणि त्यांना ते कळलंच नाही, फोड मी दाखवला तेव्हा त्यांनी बघितलं. मनगटाच्या वर एक फिकट चट्टा होता. शेजारणीने कानात सांगितलं, "महारोग दिसतोय." दुसऱ्या दिवशी मी त्यांना महिन्याचा पूर्ण पगार दिला आणि सांगितलं, येऊ नका. पैसे ओट्यावर ठेवले, हातात दिले नाहीत. पूर्ण पगार दिला म्हणून स्वतःला चांगलंही समजले. दवाखान्यात जा, एवढं एक वाक्य बोलायला हवं होतं, तेही बोलले नाही. ते दिवस आश्विन ओळीच्या अगदी आधीचे होते. आठवड्याभरात मी सातशे कुष्ठरोग्यांची कथा ऐकून रडत होते.

दोन वर्षांनी त्या मंडईत भेटल्या. त्यांनीच हाक मारली, "वहिनी, मुलं कशी आहेत?" म्हणाल्या, सरकारी दवाखान्यात सहा महिने गोळ्या घेतल्या, आता काही नाही. हात दाखवला. चट्टा दिसेनासा झाला होता. तेवढ्यात गर्दीचा लोंढा आला, मी त्यांच्या बाजूला ढकलले गेले, आणि त्याच दोन पावलं मागे सरल्या. मला त्यांचा स्पर्श होऊ नये म्हणून. बऱ्या झाल्या होत्या, तरीही. मी मेथीची जुडी पिशवीत घातली आणि घरी आले. माफी मागायची राहिली. पुन्हा त्या दिसल्या नाहीत.

तर त्या सूनबाईला मी काय सांगितलं? बाई गं, हे तेल चेहऱ्यावर चमक आणायचं नव्हे. कडक औषध आहे, जपून वापरायचं. साध्या कोरड्या त्वचेला आपलं खोबरेल, तिळाचं तेल पुरे. डाग असेल तर आधी त्वचेच्या डॉक्टरांना दाखव. आणि कुणाच्याही अंगावर, आपल्या घरातल्या वा आपल्या घरी राबणाऱ्या, फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि तिथे गरम-गार, टोचलेलं कळत नसेल, तर तेल चोळत बसू नका. सरळ सरकारी दवाखान्यात न्या, आणि तिला एकटीला पाठवू नका, सोबत जा. पांढरं कोड मात्र वेगळं, त्यात संवेदना शाबूत असते आणि ते कुणाला लागत नाही. त्यावरूनही किती मुलींची लग्नं मोडतात हे आपण सगळ्या जाणतो.

पुढच्या ओळीत श्रीपालची कथा ऐकाल तेव्हा राणी कमलप्रभेला आसरा देणाऱ्या त्या सातशेंना विसरू नका. आपल्या संवत्सरीला आपण ओळखीच्या सगळ्यांना मिच्छामि दुक्कडं म्हणतो. ज्यांच्याशी खरं वाईट वागलो ते बहुधा त्या यादीत नसतातच. माझी ती बाई नव्हती. म्हणून आज इथे, तुम्हा सगळ्यांसमोर, त्यांना आधी आणि जिनाज्ञेविरुद्ध काही लिहिलं गेलं असेल तर तुम्हाला,

मिच्छामि दुक्कडं.